खुलं पत्र: पार्किंगमधली माझी प्रिया भंगार नाही

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आमची सहकारी गृहनिर्माण संस्था, सातारा
(आणि अशीच नोटीस लावलेल्या किंवा लावायच्या बेतात असलेल्या साताऱ्यातल्या इतर सोसायट्यांच्या समित्याही)

विषय: पार्किंगमधील ‘जुनी, बंद व भंगार वाहने’ हटवण्याची नोटीस

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी लिफ्टशेजारच्या फलकावर नोटीस लागली. जुनी, बंद व भंगार वाहने आठ दिवसांत हलवा, नाहीतर संस्था ती भंगारवाल्याला देईल आणि आलेली रक्कम निधीत जमा करेल. नोटिशीत कुणाचं नाव नव्हतं. नाव खाली पार्किंगमध्ये होतं: माझ्या प्रिया स्कूटरच्या डाव्या पॅनेलवर कुणीतरी पांढऱ्या खडूने एकच शब्द लिहून ठेवला होता.

त्याच संध्याकाळी मी चार ओळींचं उत्तर खरडलं आणि फाडून टाकलं. त्यात दोन शब्द असे होते की दुसऱ्या दिवशी जिन्यात भेट झाली असती तर दोघांनाही पायऱ्या मोजत उतरावं लागलं असतं. हे पत्र सावकाश लिहिलंय. फलकावर मावणार नाही म्हणून इथे टाकते आहे. शिवाय जुन्या गाड्यांपायी हात काळे करून घेणारी जी पाच-सहा माणसं मला या शहरात ठाऊक आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या जिन्याखाली असा कागद कधी ना कधी लागून गेलेला आहे. कुणाची येझदी, कुणाची राजदूत, सदर बझारात एकाची प्रीमियर पद्मिनी. ते गप्प बसले. मला गप्प बसणं फारसं जमत नाही, हे वार्षिक सभेत आपण पाहिलं आहेच.

गाडी कोणती ते आधी सांगते, कारण समितीतल्या दोघांनी तिला ‘ती जुनी चेतक’ म्हटल्याचं कानावर आलं. ती चेतक नाही, प्रिया आहे, आणि प्रिया ही याच गावची लेक आहे. बजाज ऑटो आणि वेस्टर्न महाराष्ट्र डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत स्कूटरचा कारखाना उभा राहिला. स्कूटर हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, असा तो काळ. त्या काळात देशभरातल्या रस्त्यांवर आपल्या गावात जोडलेली गाडी धावत होती. आपल्या सोसायटीतली निम्मी मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत, आणि साताऱ्यात कधी स्कूटर बनत होती हे त्यातल्या एकालाही माहीत नाही. कंदी पेढे मात्र सगळ्यांना माहीत आहेत.

माझे वडील त्या कारखान्यात फिटर होते. आयुष्यभर ज्या स्कूटरचे नट आवळले, ती स्वतःसाठी घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी कोरेगावच्या एका गुरुजींकडून वापरलेली घेतली, कारण नवी परवडत नव्हती. १९८१ ची नोंदणी. तिच्यावर आम्ही चौघं यवतेश्वरचा घाट चढलोय. आई मागे आडवी बसलेली, धाकटा भाऊ पुढे उभा, मी मधे चेपलेली, आणि वळणावर वडील म्हणायचे, “सगळ्यांनी श्वास आत घ्या, गाडी हलकी होते.” आम्ही खरंच घ्यायचो. असो. आठवणींवर पार्किंगची जागा मागता येत नाही, ते मला कळतं. म्हणून मुद्द्यावर येते.

गेल्या दिवाळीनंतर इंजिन जाम झालं. चालत्या गाडीवर, वाढे फाट्याच्या अलीकडे. क्लच दाबला म्हणून पडले नाही. घरी आणून प्लग काढला तर तो पांढराफटक. टू-स्ट्रोक इंजिन ओळखणाऱ्याला यावरून अर्धी गोष्ट कळते. या इंजिनात तेल वेगळं फिरत नाही, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच आत जाऊन पिस्टनला आणि क्रँकला (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याला) वंगण देतं. मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील म्हणजे रबराची एक चकती. ती वयाने कडक झाली की तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. सील किरकोळ किमतीचं. ते वेळेवर बदललं नाही म्हणून मला सिलिंडर बोअर करावा, म्हणजे आतून कातून मोठा करावा लागतोय, नवा पिस्टन, नव्या रिंगा, आणि उघडलंच आहे तर क्रँकचं बेअरिंगही. चूक माझी होती. वडील असते तर वर्षापूर्वीच आवाजावरून म्हणाले असते.

आता यात सहा महिने का गेले, हा आपला प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. ऐका. बोअर आधी करून ठेवता येत नाही. पिस्टन हातात आला की त्याच्या मापाने सिलिंडर बोअर करतात. पिस्टनसाठी पुण्याला नाना पेठेत दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या दुकानात ०.५० ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून अर्धा मिलिमीटर मोठा मागितला, घरी येऊन डबी उघडली तर आत ०.२५. तो बदलायला जायचं तर पुन्हा एक रजा. मग लेथवाले. ते भले गृहस्थ आहेत, पण त्यांचं पोट ट्रॅक्टरच्या आणि पंपांच्या कामावर चालतं, माझा एक सिलिंडर त्यांच्या फळीवर पंधरा दिवस बसून असतो. मधे एक लग्न, मार्चअखेरची बँकेतली कामं, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. नोकरी करणाऱ्या बाईकडे आठवड्याला एक रविवार असतो आणि त्या रविवारावर घरातल्या प्रत्येकाचा हक्क असतो. त्यातून माझ्या वाट्याला तीन तास आले तर मी स्वतःला नशीबवान समजते. तुम्हाला सहा महिने दिसले. मला मिळालेले तास मी वहीत लिहून ठेवलेत, एकेचाळीस भरले.

मला सांगायचं आहे ते एवढंच, की उघडलेली गाडी आणि टाकून दिलेली गाडी लांबून सारखीच दिसते. दोन्हींना इंजिन नाही, दोन्हींवर धूळ आहे. पण एक अर्धवट आहे आणि दुसरी बेवारस आहे, आणि तुमची नोटीस या दोघींना एकाच दोरीने बांधते. फरक ओळखायला मेकॅनिक असावं लागत नाही. खाली वाकून टायर दाबा. माझ्या प्रियाच्या पुढच्या चाकात हवा आहे (मागचं चाक इंजिनासोबतच बाहेर येतं), मी दर महिन्याला भरते आणि चाक थोडं फिरवून ठेवते, म्हणजे टायर एकाच जागी चपटा होत नाही. इंजिन नाही तिथे आत बघा, पेट्रोलची नळी आणि वायरींची टोकं बांधून ठेवलेली दिसतील. इंजिनचे भाग माझ्या बाल्कनीत बिस्किटांच्या डब्यांत आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी. आरसी चालू आहे, विमा भरलेला आहे. कागद मागा, पाच मिनिटांत आणून देते.

आणि आता जरा पलीकडच्या रांगेत चला. तिथे एक मोठी पांढरी चारचाकी आहे. नाव घेत नाही, आकडाही सांगत नाही. ती तीन पावसाळे हललेली नाही. तिच्या टायरांनी फरशीवर चार काळे ठसे उमटवलेत आणि बॉनेटखाली उंदरांचा संसार आहे, हे वॉचमनकाकांना विचारा. पण तिच्यावर चकचकीत कव्हर आहे, आतली गाडी महागाची आहे, म्हणून तिच्यावर खडू चालला नाही. मला त्या गाडीशी काही भांडण नाही. भंगार ठरवायचं माप मात्र एकच हवं.

“गॅरेजला का देत नाही?” हे मला आतापर्यंत निदान दहा जणांनी विचारलंय. एका काकूंनी तर काळजीने विचारलं, “अगं, परवडत नाही का?” काकू, परवडतं. पण गॅरेजवाला घेत नाही. ज्या मिस्त्रींना या गाडीच्या सीबी पॉइंटची, म्हणजे ठिणगीची वेळ साधणाऱ्या भागाची गॅप डोळ्यांनी कळायची, ते आता घरी बसलेत, हात थरथरतात त्यांचे. त्यांचा मुलगा हुशार आहे, पण तो गाडीला लॅपटॉप जोडून बिघाड वाचतो, आणि माझ्या प्रियाला लॅपटॉप जोडायला जागाच नाही. तो स्पष्ट बोलला, “ताई, ही ठेवून जाऊ नका, माझी जागा अडते. तुम्हीच करा, अडलं तर फोन करा.” म्हणजे गॅरेज म्हणतं घरी करा, आणि घर म्हणतं गॅरेजला द्या. मधे गाडी उभी आहे, आणि गाडीशेजारी मी, पाना घेऊन.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण पूर्वी वाडा होता. शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या अंगणात एका वेळी दोन सायकली उलट्या, एक स्कूटर उघडी आणि कुणाचा तरी पाण्याचा पंप, असं सगळं असायचं. गुरुवारी सडा घालताना आजी तेवढी ओरडायची. वाडा पडला, त्या जागी इमारत आली. अंगणाच्या वाट्याला पांढऱ्या पट्ट्या आल्या. फ्लॅट विकताना बिल्डरने आम्हाला जिम दाखवली, झाडं दाखवली, हात काळे करायची जागा काही दाखवली नाही, आणि तेव्हा आम्हालाही ते सुचलं नाही. ज्या जिल्ह्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने इंजिनं बनवली, ज्याच्या शेजारच्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर घडले, तिथे आता एक नट ढिला करायला परवानगी घ्यावी लागते. हे जरा जास्त झालं, मान्य आहे. वाक्य चांगलं वाटलं म्हणून ठेवते.

सचिवसाहेबांनी मला जिन्यात एक मधला मार्ग सुचवला होता. “ताई, प्लास्टिकचा निळा कागद टाका वरून घट्ट बांधून, दिसणार नाही म्हणजे कुणी बोलणार नाही.” सूचना चांगल्या मनाने केलेली आहे, पण तसं केलं तर ती गाडी खरोखरच भंगार होईल, आणि ते का, हे मला जरा विस्ताराने सांगू द्या.

या स्कूटरला मोटरसायकलसारखी नळ्यांची चौकट नाही. पत्र्याची बॉडी हीच तिची चासी. आपण पाय ठेवतो तो फ्लोअर गंजून गेला तर त्याखाली दुसरं काही नाही, गाडी मधोमध मोडते. आणि आपल्या गावचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर कासच्या बाजूने जो आडवा पाऊस येतो त्यात गादीखालचे कपडेसुद्धा सादळतात. प्लास्टिकखाली ओल कोंडते, रात्री गार पत्र्यावर तिचे थेंब जमतात, सकाळी ते सुकायला वारा नाही. एका पावसाळ्यात पत्रा पापडासारखा होतो. म्हणून मी जुनी सुती चादर टाकते. ती कळकट दिसते, मला दिसतं ते. पण तिच्यातून वारा जातो. हवं तर समितीच्या पसंतीच्या रंगाची चादर शिवून घेते, सुती मात्र हवी.

पावसाळ्याआधी मी आणखी काय करते तेही सांगते, कारण ‘गाडी नुसती पडून आहे’ या वाक्याने मला खरी चीड आली. टाकी पूर्ण रिकामी केली. पूर्वी लोक उलट करायचे, टाकी काठोकाठ भरून ठेवायचे म्हणजे आत हवा नको आणि गंज नको. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, आणि टाकी आतून गंजते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशरही या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत. ते फुगतात, चिरतात, मग गळती. कार्बोरेटर सुटा करून सुकवला. आणि अशी नळी चिरून पेट्रोल गळेल म्हणून नवी, इथेनॉल सोसणारी नळी आणून ठेवली. ते इथेनॉल आपल्याच कारखान्यांत आपल्याच उसापासून होतं, तेव्हा ओरडायचं तरी कुणाच्या नावाने? माझ्या माहेरचाच ऊस जातो.

शिवाय गाडी लाकडी ठोकळ्यांवर तोललेली आहे, केबलींना ग्रीस आहे. इंजिन जागेवर असतं तेव्हा प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून किक हाताने सावकाश दाबायची, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला तेलाचा हात लागतो. हे सगळं करणाऱ्या माणसाची गाडी ‘पडून’ नसते, मुरत असते. लोणच्याची बरणी फडक्याने बांधून ठेवलेली असते, तिला कुणी टाकून दिलेली म्हणत नाही.

आता कायद्याचं. सभेत एक सभासद म्हणाले की पंधरा वर्षांपुढची गाडी ठेवणंच बेकायदा आहे, सरकारने भंगार धोरण आणलंय. हे मी बऱ्याच ठिकाणी ऐकते. दहा वर्षांपुढची डिझेल आणि पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी नको, हे दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरतं. सातारा त्या क्षेत्रात यायला अजून बराच रस्ता बांधावा लागेल. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, आणि त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेलं भंगार धोरण खाजगी गाडीबाबत तपासणीत ती टिकते का एवढंच विचारतं. सरकारला जुन्या गाड्या आवडतात असं मी म्हणत नाही. दुचाकीच्या नूतनीकरणाची फी ३०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून १,००० झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या दुचाकीसाठी ती २,००० वर गेली. ही फी भरून जो माणूस गाडी ठेवतो तो ती विसरलेला नसतो, एवढं तरी धरून चला.

पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना जुलै २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, दहा वर्षांची मुदत, वीस हजार रुपये फी, आणि रोजच्या वापराला मनाई. म्हणजे ज्या गाडीवर आज तुम्ही खडू चालवलात, तिच्याकडे आणखी काही वर्षांनी सरकार दप्तरी ‘वारसा’ म्हणून बघू शकतं. मी तो नंबर घेणार नाही. मला प्रदर्शनात उभी करायला गाडी नको, मंडईला जायला हवी.

आणि हो, माझ्या नावाने आरसी असलेली गाडी माझ्या सहीशिवाय भंगारवाल्याला देणं याला कायद्यात काय म्हणतात, ते मी लिहीत नाही. समितीत एक वकील आहेत, त्यांनी नोटीस वाचली नसावी असं मी समजते.

आता माझी बाजू कमजोर आहे तिथे येते. त्रास झालाच नाही असं मी म्हटलं तर जिना हसेल. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत रात्री पावणेअकराला, सायलेन्सर साफ करून बसवल्यावर राहवेना म्हणून मी गाडी चालू केली. टू-स्ट्रोकचा धूर पार्किंगमधून जिन्यात आणि जिन्यातून तिसऱ्या मजल्यावर गेला, तिथे दीड महिन्याचं बाळ होतं. त्याची आई मला काही बोलली नाही, नुसती दारात येऊन उभी राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायचा नाही हा नियम २००० सालापासून आहे आणि मला तो त्या रात्री आठवला नाही. दुसरी गोष्ट, दूधवाले मामा माझ्या गिअर ऑइलवरून घसरले. पाच लिटर दूध सांडलं. पैसे मी भरून दिले, त्यांच्या गुडघ्याचं काय भरून देणार?

त्यानंतर मी स्वतःला जे नियम लावून घेतले ते समितीने लेखी घ्यावेत, माझी हरकत नाही. इंजिन चालू करायचं तर रविवारी दहा ते एक, आणि गाडी ढकलत गेटबाहेर नेऊन. कामाखाली पत्र्याचा ट्रे आणि लाकडाचा भुसा. काढलेलं ऑइल गटारात नाही, गॅरेजच्या ड्रममध्ये. स्प्रे पेंटिंग पार्किंगमध्ये कधीच नाही, रंगाचं काम झालं तर ते पेंटरकडे. पेट्रोलबाबत पेट्रोलियमच्या कायद्यात विनापरवाना घरगुती साठ्याची मर्यादा बरीच मोठी आहे, तीस लिटरची. मी म्हणते, जिन्याखाली मीटरच्या पेट्या आहेत, तिथे एक बाटलीसुद्धा नको. भाग धुवायला मी पेट्रोल वापरतच नाही, रॉकेल किंवा डिझेल वाटीभर, तेही उघड्यावर. मुलं जवळ असतील तर तेवढंही नाही.

मुलांवरून एक बोलायचं राहिलं. ‘लहान मुलं तिथे घुटमळतात, इजा होईल’ असं एक कलम नोटिशीत आहे. घुटमळतात, खरं आहे. दुसऱ्या मजल्यावरचा सातवीतला एक मुलगा दर रविवारी येतो. पहिले तीन रविवार तो नुसता बघत होता. चौथ्या रविवारी विचारलं, “मावशी, पिस्टन खाली गेल्यावर वर कोण आणतं?” मी त्याच्या हातात क्रँक दिला आणि फिरवायला लावला. आता तो फीलर गेजची (फट मोजायची) पाती लावून प्लगची गॅप ०.६ मिलिमीटर ठेवतो, माझ्यापेक्षा नीट. मी जॅक लावलेल्या गाडीखाली कुणाला हात घालू देत नाही आणि ग्राइंडर मुलांसमोर लावत नाही. तरी त्याच्या आईबाबांना नको असेल तर त्यांनी मला सांगावं, मी त्याला वर पाठवीन. नोटिशीतून सांगू नये.

बाईमाणूस ऑइलने माखलेली खाली बसते ते बरं दिसत नाही, असंही कुणीतरी म्हणाल्याचं कळलं. त्याला मी उत्तर देत नाही. साबण माझा मी आणते.

मागणं फार नाही. बोअरवेलच्या पंपाशेजारी जो कोपरा आहे तिथे चारचाकी मावत नाही, दुचाकी लावायला कुणी जात नाही, कारण वरून पाइप ठिबकतो. तो पाइप मी माझ्या खर्चाने दुरुस्त करून घेते. तो कोपरा कामात असलेल्या गाड्यांसाठी द्या, माझ्या एकटीसाठी नको. बी विंगमधल्या एका आजोबांची राजदूत घरच्या लोकांनी बोलायची सोय ठेवली नाही म्हणून चादरीखाली दडून बसली आहे. दुचाकीचं जे पार्किंग शुल्क आहे ते आम्ही भरू. एका वहीत गाडीचा नंबर, आरसी आणि विम्याची तारीख, कामाची अवस्था लिहू. समितीतल्या कुणीही दर सहा महिन्यांनी येऊन बघावं. लागोपाठ दोन वेळा काहीच हललेलं नसेल तर ती गाडी मी स्वतः हलवीन, तेव्हा नोटीस लावायची वेळ येणार नाही. हेच माप पलीकडच्या पांढऱ्या चारचाकीलाही लावा. आणि हा विषय समितीच्या बैठकीत नको, सर्वसाधारण सभेत घ्या. विरोध करणाऱ्यांनी तोंडावर करावा, त्यांचे मुद्दे ऐकायची माझी तयारी आहे. धुराबद्दल तेव्हा काही न बोललेल्या त्या आईंनी तर आवर्जून यावं.

लेथवाल्यांचा काल फोन आला. सिलिंडर झाला. शनिवारी एमआयडीसीतून घेऊन येते. म्हणजे येत्या रविवारी रिंगा चढवून इंजिन पुन्हा जोडून टाकायचं, आणि त्याच्या पुढच्या रविवारी, सगळं जमलं तर, साडेदहाला गेटबाहेर पहिली किक. जमेलच असं नाही. पॉइंट त्रास देतील, नवा कंडेन्सर घालावा लागेल, पहिल्या पाच-सात किकांना गाडी नुसती फुरफुरेल. तेव्हा तिला एका बाजूला तिरकी करून सरळ करायची, तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला ती सवय आठवत असेल. चालू झाली तर अध्यक्षांना मागे बसवून यवतेश्वरपर्यंत नेऊन आणायची माझी तयारी आहे. श्वास आत घ्यावा लागेल, तेवढं सांभाळा.

आपली,
पार्किंगमधल्या प्रियाची मालकीण

ता. क. पॅनेलवरचा खडूचा शब्द मी पुसलेला नाही. ज्यांनी लिहिला त्यांचं अक्षर छान आहे, पण घाईत ‘भंगार’वरचा अनुस्वार राहिला आहे. रविवारी खाली येऊन तेवढा द्यावा. खडू मी ठेवला आहे, हँडलच्या बॅगेत.